आवाज तुटतोय म्हणून बफर वाढवण्याआधी: जिटर बफर मोजून कसा लावायचा

नाशिकच्या रामकुंडाच्या घाटावरची संध्याकाळची आरती कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत घ्यायची असो, नाहीतर निफाडकडच्या एखाद्या गावातला हरिनाम सप्ताह ऑनलाइन रेडिओवर लावायचा असो, तक्रार ठरलेली असते: "आवाज मधेच तुटतोय." आणि सल्लाही ठरलेला: "बफर वाढवा." मग २०० मिलिसेकंदांचे ५०० होतात, ५००चे २०००. कधी फरक पडतो, कधी काडीचाही पडत नाही. कारण जिटर बफर हे एकाच आजारावरचं औषध आहे: पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा आवाजाचा छोटा तुकडा) पोचलं, पण उशिरा पोचलं. जे पॅकेट वाटेत हरवलं ते बफर कितीही मोठा केला तरी येणार नाही. म्हणून आधी आजार ओळखायचा, मग मोजायचं, मग आकडा टाकायचा. हा क्रम पाळला तर एका दुपारचं काम आहे.

नेमकं बिघडतं काय

समजा, निमाणीहून नाशिकरोडला दर १० मिनिटांनी एक बस सुटते. सुटताना सगळं वेळेवर. द्वारका चौकात एक बस अडकली की तिच्यामागच्या दोन तिला येऊन भिडतात आणि नाशिकरोडला आधी अर्धा तास काहीच नाही, मग तिन्ही एकदम. पोचण्यातली ही अनियमितता म्हणजे जिटर. शेवटच्या थांब्यावर एखाद्याने पहिली बस मुद्दाम अर्धा तास धरून ठेवली आणि मग दर १० मिनिटांनी एकेक पुढे सोडली, तर पुढच्या प्रवाशाला गोंधळ कळणारच नाही. ही धरून ठेवण्याची जागा म्हणजे जिटर बफर, आणि तो अर्धा तास म्हणजे त्याची किंमत. द्वारकेला एखादी बस अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकली, तर मात्र तिची पाळी येऊन गेलेली असते. ती पोचते, पण उपयोगाची राहत नाही.

अंतराचा यात फारसा हात नसतो, हे आधीच मनातून काढून टाका. फायबरमधून प्रकाश एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद घेतो. त्र्यंबकेश्वर ते नाशिक ३० किलोमीटर धरले तरी ०.१५ मिलिसेकंद. दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी असेल, तर पॅकेट बऱ्याचदा मुंबईला जाऊन परत नाशकात येतं. जाऊन-येऊन ३५० किलोमीटर धरा, तरी २ मिलिसेकंदही होत नाहीत. उशीर होतो तो रांगांमध्ये: तुमच्या राउटरच्या, वायफायच्या, मोबाइल टॉवरच्या.

सरासरीच्या आकड्यावर विसंबू नका

बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून हे उदाहरण जरा सावकाश बघा.

आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. एरवी प्रत्येक पॅकेट १५ मिलिसेकंदांत पोचतं. घाटावरच्या त्याच वायफायवर कुणाचा तरी व्हिडिओ अपलोड होऊ लागला आणि १०४ नंबरचं पॅकेट राउटरच्या रांगेत अडकून १६० मिलिसेकंद उशिरा आलं. १०५ ते १११ त्याच्याच मागे उभी होती, ती त्याच्याबरोबर एकदम बाहेर पडली. म्हणजे १०५ला उशीर १४०चा, १०६ला १२०चा, असं कमी होत होत १११ला २०चा, आणि ११२ पुन्हा वेळेवर.

तुमचा बफर ६० मिलिसेकंदांचा असेल तर १०४ ते १०८ ही ५ पॅकेटं उशिरा आली म्हणून फेकली जातात. १०० मिलिसेकंदांचा आवाज गेला. आरतीतला एक शब्द गेला. आता आकडे काय सांगतात ते पाहा. नेटवर्कवर हरवलेली पॅकेटं: शून्य. आणि आरटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून थेट आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, जिटर? तो २००३च्या आरएफसी ३५५० या मानकातल्या सूत्राने काढतात: प्रत्येक नव्या फरकाचा फक्त सोळावा हिस्सा आधीच्या आकड्यात मिसळायचा. आधी जिटर २ असेल, तर एवढा मोठा धक्का बसूनही तो १५च्या आसपास जाऊन पुन्हा खाली येतो. मीटर १५ दाखवतो आणि लागणारा बफर असतो १६०. सूत्र चुकीचं नाही, ते नेटवर्कची सर्वसाधारण तब्येत सांगण्यासाठी केलेलं आहे. "सरासरी जिटरच्या दुप्पट बफर ठेवा" हा सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र अशा जोडणीवर सपशेल फसतो.

बफर ठरतो तो सर्वांत उशिरा येणाऱ्या पॅकेटांवरून.

मोजमाप

ज्या वेळी कार्यक्रम असतो त्याच वेळी, त्याच जागेवरून, निदान तासभर मोजा. आरती संध्याकाळी असेल तर सकाळी ११ला केलेली चाचणी निरुपयोगी आहे. गर्दी वेगळी, घरोघरी चालू असलेले टीव्ही वेगळे, टॉवरवरचा भार वेगळा. नवरात्रात कालिका मातेच्या यात्रेच्या आसपास मोबाइल डेटाची जी अवस्था होते ती आदल्या आठवड्यात मोजून कळत नाही.

चाचणीसाठी घाटावरच्या लॅपटॉपवरून साध्या आरटीपीवर जी.७११ कोडेकने (कोडेक म्हणजे आवाजाचा डिजिटल डेटा करण्याची पद्धत), २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांत आवाज पाठवा. प्रत्यक्षात तुम्ही ऑपस हा दुसरा कोडेक वापराल, तरी मोजायला जी.७११ घेण्याचं कारण आहे. याचा पेलोड प्रकार (पॅकेटात कोणता कोडेक आहे ते सांगणारा क्रमांक) आणि घड्याळाचा दर ठरलेला असल्यामुळे वायरशार्कला (पॅकेटं टिपून तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला) काही शिकवावं लागत नाही. शिवाय जी.७११ आणि ६४ केबीपीएसचा ऑपस या दोघांचं २० मिलिसेकंदांचं पॅकेट सारख्याच आकाराचं, १६० बाइटचं असतं. म्हणजे जे मोजाल ते ऑपसलाही लागू.

स्टुडिओतल्या संगणकावर, म्हणजे ऐकणाऱ्या टोकाला, वायरशार्कने पकड सुरू करा. तासाभराने थांबवून टेलिफोनी मेनूत आरटीपी, त्यात आरटीपी स्ट्रीम्स उघडा, आपली स्ट्रीम निवडून विश्लेषण करा. दिसणाऱ्या रकान्यांपैकी जिटरकडे दुर्लक्ष करा आणि 'स्क्यू' नावाच्या रकान्याकडे बघा. पॅकेट अपेक्षित वेळेच्या किती पुढे-मागे आलं ते तो सांगतो. उशीर असेल तर आकडा ऋण असतो. सगळं सीएसव्ही फाइलमध्ये काढा आणि स्प्रेडशीटमध्ये त्या रकान्याचा आलेख काढा.

आलेखात दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, खाली जाणारे सुळके: सर्वांत लवकर आलेल्या पॅकेटपासून ते किती खोल जातात, तेवढा बफर लागेल. दुसरी, पूर्ण तासभर आलेख एका बाजूला सावकाश कललेला आहे का. कललेला असेल तर तो जिटर नाही, घड्याळांचा फरक आहे. त्याकडे पुढे येऊ. कल असेल तर आधी तो वजा करा, नाहीतर सुळके खोटेच मोठे दिसतील.

तासाला १,८०,००० पॅकेटं होतात. उशीर चढत्या क्रमाने लावून ९९.९ टक्क्यांवरचा आकडा घेतलात, तर तासाला १८० पॅकेटं तरीही बाहेर राहतील. ९९.९९ टक्के घेतलात तर १८. टक्क्यांत बोललं की दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून हिशेब नेहमी 'तासाला किती पॅकेटं' असाच मांडा.

बफर राहू द्या, आधी रांग कमी करा

सुळके १००च्या वर असतील तर सेटिंगला हात लावण्याआधी नेटवर्क बघा. इथे घातलेला एक तास बफरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त देतो.

एक साधी चाचणी आहे. घाटावरच्या लॅपटॉपवरून स्टुडिओला सतत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि त्याच जोडणीवर दुसऱ्या यंत्रावरून एक मोठी फाइल अपलोड करा. एरवी १० मिलिसेकंद दाखवणारा पिंग २००वर गेला, तर दोष राउटरच्या रांगेत आहे. अपलोड १० एमबीपीएसचा आणि राउटरची रांग २५६ केबीची असेल, तर रांग रिकामी व्हायलाच २१० मिलिसेकंद लागतात. तुमचं पॅकेट सगळ्यांत शेवटी उभं. उपाय: ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) लावा, रांगेचा प्रकार 'केक' किंवा 'एफक्यू-कोडेल' निवडा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे १०ला ९. एक एमबीपीएस सोडावा लागतो, पण रांग तुमच्या ताब्यात येते. ६४ केबीपीएसच्या ऑपसला हेडर (प्रत्येक पॅकेटावरचा पत्ता वगैरे मजकूर) धरून ८० केबीपीएस लागतात, तासाला ३६ एमबी. एवढ्याशा वाहतुकीला वेग पुरेसा असतो, वाट मोकळी हवी असते.

पॅकेटांवर प्राधान्याचा शिक्का, डीएससीपी ४६, जरूर मारा. पण तो तुमच्या स्वतःच्या स्विचवर आणि वायफायवर चालतो. बाहेरच्या इंटरनेटवर त्याला कुणी विचारेल अशी आशा धरू नका.

वायफायबद्दल आमचं मत ठाम आहे: एन्कोडर, म्हणजे घाटावरून आवाज पाठवणारं यंत्र, वायरवर. चांगल्या कॅट ६ केबलने १०० मीटरपर्यंत जाता येतं, आणि बहुतेक मांडवांपासून राउटर असलेलं घर किंवा दुकान त्याच्या आतच असतं. वायफायशिवाय गत्यंतर नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, आणि लॅपटॉपच्या वायफाय कार्डाची वीजबचत बंद करा. वीजबचतीत कार्ड झोपी जातं आणि पॅकेटं राउटरकडे वाट बघत बसतात. आणखी एक लपलेलं कारण म्हणजे लॅपटॉप अधूनमधून आसपासची नेटवर्कं शोधतो, आणि तेवढ्या वेळात आपल्या चॅनेलवर नसतो. आलेखात ठरावीक अंतराने सारखेच सुळके दिसले तर हेच बघा.

मोबाइल डेटावर दोन अडचणी. गर्दीत टॉवर पॅकेटं धरून ठेवतो आणि एकगठ्ठा सोडतो; त्यावर बफर मोठा करणं एवढाच इलाज. दुसरं, सिमकार्डाला बाहेरून पोचता येईल असा आयपी पत्ता सहसा मिळत नाही, म्हणून जोडणी नेहमी घाटाकडून स्टुडिओकडे सुरू करा आणि सार्वजनिक पत्ता स्टुडिओच्या बाजूला घ्या. २०२७च्या सिंहस्थासाठी काही योजत असाल, तर घाटावरून सिमवर सगळी भिस्त ठेवू नका. वायरची जोडणी आधीच बघून ठेवा.

आकडा ठरवणं

पहिला प्रश्न: समोरचा माणूस उत्तर देणार आहे का?

नसेल, म्हणजे आरती, कीर्तन, व्याख्यान एकतर्फी येणार असेल, तर कंजूषपणा करायचं कारणच नाही. मोजलेल्या सर्वांत खोल सुळक्याच्या दीडपट आणि किमान ५०० मिलिसेकंद असा स्थिर बफर लावा. मोबाइलवर सरळ १००० ते १५००. श्रोत्याच्या फोनपर्यंत ऑनलाइन स्ट्रीम पोचायला नाहीतरी काही सेकंद जातात; त्यात तुमचा एक सेकंद कुणाला कळणार? टेलिफोनीच्या पुस्तकातला ६०चा आकडा कीर्तनाला लावून मग तुटक्या आवाजाशी झगडणं, हा सगळ्यांत जास्त दिसणारा आणि सगळ्यांत अनावश्यक त्रास. सोबत व्हिडिओ जात असेल तर त्यालाही तेवढाच उशीर द्या, नाहीतर ओठ आणि शब्द जुळणार नाहीत.

संवाद असेल तर हात आखडता घ्यावा लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आहे; ४००च्या पुढे तो सहसा जाऊ देऊ नये. या १५०चा हिशेब असा: ऑपस २६.५, नेटवर्क १५, दोन्ही साउंडकार्ड मिळून २५. उरले ८३. तेवढाच बफर. म्हणून वायरवरच्या संवादाला ६० ते ८०पासून सुरुवात करा; बाकीच्यांना तेवढ्यात भागत नाही, तिथे जास्तीचा उशीर सोसून वायफायला १०० ते १५०, मोबाइलला २०० ते ३००. मोबाइलवर दोघांनी एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं हे आधी ठरवून घ्या. घाटावरच्या निवेदकाला परत जाणाऱ्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज नको. मिक्सरवर त्याची वाहिनी वगळून वेगळी ऑक्झ (मिक्सरमधून बाहेर जाणारं स्वतंत्र मिश्रण) करून द्या. उशिरा परत आलेला आपलाच आवाज कानात असताना कुणालाही नीट बोलता येत नाही.

स्थिर की जुळवून घेणारा? जुळवून घेणारा बफर परिस्थिती बघून लहान-मोठा होतो, आणि त्यासाठी आवाज किंचित ताणतो किंवा दाबतो. बोलण्यात हे कळत नाही, बोलण्याला तो उत्तम. पखवाज आणि टाळ चालू असताना तो लय हलवतो, आणि वारकऱ्यांच्या कानाला ते लगेच कळतं. संगीताला स्थिरच. जुळवून घेणारा लावलात तर किमान आणि कमाल दोन्ही मर्यादा द्या. किमान दोन पॅकेटं, म्हणजे ४० मिलिसेकंद; कमाल तुमच्या उशिराच्या हिशेबाएवढी.

मुळातले आकडे लक्षात ठेवा, कारण न बदललेलं सेटिंग म्हणजेही एक निर्णय असतो. जीस्ट्रीमर या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरचा जिटर बफर २०० मिलिसेकंदांवर येतो, एसआरटी या इंटरनेटवरून स्ट्रीम पाठवण्याच्या पद्धतीचा लेटन्सीचा (उशिराचा) आकडा १२०वर, अ‍ॅस्टेरिस्कच्या (टेलिफोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) बफरची कमाल २००वर. एसआरटीत दोन्ही टोकांना वेगळे आकडे दिले तर मोठा लागू होतो. आणि बफरांची बेरीज होते हे विसरू नका: एसआरटी, त्याच्यावर आरटीपीचा बफर, त्याच्यावर व्हीएलसी प्लेअरचं नेटवर्क कॅशिंग, अशा तीन ठिकाणी थोडं थोडं ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी पुरेसं ठेवा.

सभागृहातल्या एईएस६७ (नेटवर्कवरून आवाज नेण्याचं मानक) यंत्रणेची सेटिंग्ज इंटरनेटवर नेऊ नका, हेही इथेच. कालिदास कलामंदिरासारख्या ठिकाणी तारेच्या जाळ्यात १ मिलिसेकंदाची पॅकेटं शोभतात. सेकंदाला १००० पॅकेटं म्हणजे नुसत्या हेडरचेच ३२० केबीपीएस होतात.

हरवलेल्यांचं काय

उशिरा आलेली आणि हरवलेली पॅकेटं वेगळी मोजा. जीस्ट्रीमर दोन्ही आकडे स्वतंत्र देतो. उशिरा आलेली जास्त असतील तर बफर वाढवा. हरवलेली जास्त असतील तर बफर एकट्याने काही करणार नाही, पण दुरुस्तीला वेळ देईल. एसआरटी हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतो; त्यासाठी लेटन्सी पिंगच्या ४ पट ठेवा, म्हणजे पिंग ४० असेल तर १६०, आणि त्यात मोजलेला सुळका मिळवा. ऑपसमध्ये पुढच्या पॅकेटातून मागच्याची हलकी प्रत पाठवायची सोय आहे, पण ती बोलण्याच्या मोडमध्येच चालते. पूर्ण संगीताच्या मोडमध्ये चालत नाही, म्हणून भजनाला तिचा भरवसा धरू नका. एखाद्या पॅकेटाची पोकळी ऑपस स्वतःच झाकतो. सलग ३ गेली की कान पकडतो.

दर अर्ध्या तासाने खट्ट

आता तो कललेला आलेख. घाटावरच्या साउंडकार्डाचं घड्याळ आणि स्टुडिओतल्या कार्डाचं घड्याळ कधीच तंतोतंत सारखं नसतं. दहा लाखांत ५०चा फरक म्हटला तर क्षुल्लक, पण तो तासाला १८० मिलिसेकंद होतो. तुमचा १०० मिलिसेकंदांचा बफर साधारण ३३ मिनिटांत रिकामा होतो किंवा भरून वाहतो. एक खट्ट, बफर पुन्हा सावरतो, आणि ३३ मिनिटांनी पुन्हा खट्ट. वायफायच्या शोधासारखे अपवाद सोडले, तर नेटवर्कचा बिघाड घड्याळ लावून येत नाही. एवढ्या मोठ्या, ठरावीक अंतराने येणारा खट्ट म्हणजे घड्याळाचाच दोष समजा. बफर दुप्पट केला तर खट्ट ६६ मिनिटांनी येईल, जाणार नाही. रिसीव्हरमध्ये प्रेषकाच्या घड्याळाशी जुळवून रीसॅम्पल करण्याची (आवाजाचा वेग किंचित बदलत राहण्याची) सोय चालू करा. ती नसेल तर कार्यक्रमाच्या ५ मिनिटं आधी स्ट्रीम बंद करून पुन्हा सुरू करा आणि बफर एवढा ठेवा की पूर्ण कार्यक्रम निघून जाईल.

मुद्दाम बिघडवून बघा

लिनक्सवर 'नेटएम' नावाची सोय वापरून जोडणीत ४० मिलिसेकंद उशीर आणि २०ची कमी-जास्त घाला, मग १०० आणि ५०, आणि प्रत्येक वेळी १० मिनिटं हेडफोनवर ऐका. एक लक्षात असू द्या: कमी-जास्त घातली की नेटएम पॅकेटांचा क्रमही बदलतो, खऱ्या जोडणीवर एवढा सहसा बदलत नाही. तेव्हा इथे आवाज थोडा जास्त तुटला तर लगेच घाबरू नका. ऐकायला बोलण्याऐवजी तानपुरा लावा. सलग सुरात एखादं पॅकेट गेलं तरी कळू शकतं. बोलण्यातल्या विरामात दहा गेली तरी कळत नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी तीन आकडे पडद्यावर ठेवा: उशिरा आलेली, हरवलेली आणि बफर आत्ता किती भरलेला आहे. तिसरा सावकाश एका बाजूला सरकत असेल तर घड्याळ, अचानक तळाला जाऊन परत येत असेल तर रांग. चालू आरतीत बफरचा आकडा बदलू नका. बहुतेक यंत्रणांत त्या क्षणी आवाज तुटतो.

आणि लाइट. घाटावर लाइट क्षणभर गेली तरी राउटर आणि फायबरचा डबा पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढा बफर कुणीच ठेवत नाही. दोन्ही डब्यांवर लिहिलेला व्होल्टेज बघून त्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, मग मुख्य स्विच बंद करून स्टुडिओतला आवाज चालू राहतो का ते आदल्या दिवशी तपासा.